गुलाबरावांचं बिननावाचं गाव

गुलाबराव घोडखांद्यांनी पहिल्या भेटीतच मला पाठमोरं उभं केलं.

आर्वीच्या शाळेत गणित शिकवायला मी नुकताच आलो होतो. पहिला तास संपवून शिक्षकांच्या खोलीत शिरलो आणि सगळ्यांना नमस्कार केला. कोपऱ्यात रंगाच्या बाटल्या पुसत बसलेला एक उंच, वाळका, खाकी हाफपँटमधला गृहस्थ उठला आणि म्हणाला, "नमस्कार मंग करजा जी, आधी पलटा." नव्या जागी भांडण कोण काढणार? मी पलटलो. त्यांनी माझी पाठ नीट न्याहाळली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की हे मास्तर फळ्याकडे तोंड करून फार वेळ उभे राहतात आणि पोरं यांच्यावर खूश नाहीत. घरी जाऊन सदरा काढला, तर पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत शाईचे शिंतोडे. पुढून सदरा पांढराशुभ्र होता. मला राग आला तो पोरांचा नव्हे, या माणसाचा.

हे आमचे ड्रॉइंग मास्तर. आणि नशीब असं की मला भाड्यानं मिळालेली खोली नेमकी त्यांच्या घराला लागून होती, मधे एक भिंत. "समोरून सगळे सारखेच असतात जी, पलटून पाहा," हे वाक्य मी त्या भिंतीतून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा देवाचं नावही ऐकलं नसेल. बाजारात ते वांगी उलटून पाहत, चपला उलटून पाहत, कॅलेंडर उलटून पाहत. माझ्यासाठी मुलगी पाहायला सेलूला गेलो तेव्हा वडीलधारं कोणी हवं म्हणून यांना बरोबर नेलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर हे बैठकीत नाहीत. घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले होते. परत आले ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, की मागचं अंगण सारवलेलं आहे, धुण्याच्या दगडाशी चिखल नाही, डोळे मिटून हो म्हणा. मी हो म्हटलं. संसार बरा चालला आहे, हेही इथंच सांगून टाकतो.

या उलटापालटीचं मूळ एका बिस्किटांच्या डब्यात होतं.

दुसऱ्या महायुद्धात गुलाबराव इंग्रजांच्या फौजेत होते. बंदूक चालवायला नव्हे, ट्रकांवर नंबर रंगवायला. इजिप्त, सीरिया असं पाच वर्षं फिरले. बाकीचे जवान घड्याळं, कापड, अत्तरं जमवत होते. गुलाबराव विडी-सिगारेट ओढत नसत, त्यामुळे शिधा म्हणून मिळणाऱ्या सिगारेटी त्यांच्याजवळ साचत. तिकडचे मेंढपाळ आणि भाजीवाले शेतात सापडलेली जुनी तांब्याची नाणी घेऊन छावणीशी येत, आणि हे एकेक सिगारेट देऊन एकेक नाणं घेत. अलेक्झांड्रियात एका ग्रीक दुकानदाराची पाटी त्यांनी रंगवून दिली. त्या पाटीपायी ग्रीक अक्षरं शिकले आणि मग काय, पाखरू जाळ्यात सापडलं ते सापडलंच.

लढाई संपून आपल्या गावी, रोहण्याला, परतले तेव्हा सारं गाव अंगणात गोळा झालं होतं. डबा जड होता. फौजेतून माणूस जड डबा घेऊन आला म्हणजे आत काय असणार, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. वडिलांनी आधी देवाला नारळ फोडला, मग डबा उघडायला लावला. आतून निघाले हिरवट-काळे, वाकडेतिकडे तांब्याचे तुकडे. वडील बराच वेळ डब्यात पाहत राहिले आणि म्हणाले, "पाच वर्सं गेला अन् भंगार घेऊन आला." गुलाबरावांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, हा शब्द उचलला तो कायमचा. आर्वीला बिऱ्हाड केल्यावरही डबा ठेवायला त्यांनी एकच फळी दिली, वरची, माळ्याजवळची. "तुमचं भंगार तिकडं ठेवजा," एवढंच त्या डब्याबद्दल त्यांचं बोलणं.

मीही पहिले काही महिने पार्वताबाईंच्याच पक्षाचा होतो. एका रविवारी गुलाबरावांनी मला अक्षरशः ओढून उन्हात बसवलं, हातात भिंग दिलं आणि एक नाणं ठेवलं. एका बाजूला लांब नाकाचा राजा. "हा नाकाड्या," ते म्हणाले. त्यांनी सगळ्या रोमन बादशहांना अशी नावं ठेवली होती: नाकाड्या, गालफुग्या, दाढीवाला, रडका. "याले सोडा. हा सगळ्याच नाण्यांवर बसला हाय. पलटून पाहा."

पलटलं. मागं एक बाई दगडावर बसलेली, डोक्यावर मुकुट. भिंगातून नीट पाहिलं तर तो मुकुट नव्हताच. गावाचा परकोट होता, बुरुजांसकट! बाईच्या पायाशी एक माणूस हात पसरून पोहत होता. भोवती अक्षरं होती. गुलाबरावांनी काडीनं एकेक अक्षर दाखवत मला वाचून घ्यायला लावलं. अं-ति-ओ-खे-ऑन. म्हणजे सीरियाकडच्या अंतिओख शहरवाल्यांचं. अंतिओखकरांचं नाणं!

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? गणित शिकवणारा माणूस मी, पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा गावच्या लोकांनी "हे आमचं" म्हणून लिहून ठेवलं आणि ते आर्वीच्या ओसरीवर मी वाचलं, या गोष्टीनं मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

गुलाबरावांचं सगळं तत्त्वज्ञान यातच होतं. राज्य रोमचं, म्हणून पुढून राजा रोमचा. तो घालावाच लागे. पण मागची बाजू गावाची. तिथं त्यांनी आपली गावदेवी बसवली, तिच्या पायाशी पोहणारा माणूस म्हणून आपली नदी घातली. टायर नावाच्या शहरवाल्यांनी खजुराचं झाड आणि शंख टाकला, एफेससवाल्यांनी मधमाशी. "आमी काय करत होतो जी तिकडं? राजा दुसऱ्याचा, लढाई दुसऱ्याची. ट्रकावर नंबर लिहीत होतो त्याचे. पन हे नानं हाती आलं न, मले रोहना दिसलं." एवढंच एकदा बोलले आणि मग नदी पुरुष कशी काय दाखवली, आपली वर्धा तर बाई आहे, यावर तासभर तावातावानं भांडले. माझ्याशी, कारण ग्रीक तिथं कोणी नव्हता.

सगळ्या डब्यात त्यांचा जीव अडकला होता तो मात्र एका नाण्यात. तशीच परकोटवाली देवी, तशीच नदी, पण गावाचं नाव मातीच्या आणि हिरव्या थराच्या खाली गेलेलं. उरलं होतं फक्त शेवटचं "...ऑन". म्हणजे "...करांचं". कोणाचं? अशी देवी तिकडच्या पुष्कळ गावांनी टाकलेली. गुलाबराव सुटीच्या दिवशी ते नाणं गोडेतेलात भिजवत आणि मग बाभळीचा काटा घेऊन त्याच्यावरची माती कणाकणानं काढत. तोही काटा हाताळायचा कसा, तर श्वास रोखून. घासायचं नाही, पाणी लावायचं नाही. हिरवा थर गेला की त्याच्याबरोबर अक्षरंही जातात, असं ते बजावून सांगत. एका अख्ख्या उन्हाळ्यात एक अक्षर अर्धं मोकळं झालं होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं तर त्याच्या आधी आणखी दोन अक्षरांची सावली दिसे, किंवा दिसल्यासारखी वाटे. मी पाहिली आहे. शपथेवर नाही सांगणार, पण पाहिली आहे.

"एखाद्या जाणकारानं पाह्यलं तं सांगल," ते म्हणत. "माह्या मरनाच्या आधी त्या गावाचं नाव कळाले पाह्यजे. लोकायनं एवढं लिहून ठेवलं, अन् वाचनारा मी एकटा. माह्याकडून नाई वाचल्या गेलं तं मंग कोन वाचल?"

शाळेत या नादाचा व्हायचा तो परिणाम झालाच. अभ्यासक्रमात लोटा, पेरू आणि छत्री होती. गुलाबराव पोरांकडून आपापल्या गावचं नाणं काढून घेत. पुढची बाजू रिकामी सोडायची, मागची भरायची. सेलूच्या पोरानं केळीचा घड काढला. कारंज्याच्या पोरानं ट्रकचं चाक काढलं, आणि ते मान्यही झालं, कारण नागपूर-अमरावती सडक नसती तर कारंज्यात काय उरलं असतं? रोहण्याच्या दोघांची मारोती की विहीर यावरून मारामारी झाली. पुढं छप्पन साली आमच्याकडच्या अनेक वस्त्यांनी बुद्धाची वाट धरली, तेव्हा तिथल्या एका पोरानं आपल्या वस्तीचं विहार काढलं. विहार अजून उभं नव्हतं, चार बांबू आणि एक झेंडा तेवढा होता. पोरानं मात्र पायऱ्यांसकट पुरी इमारत काढली. हेडमास्तर म्हणाले, जे नाही ते कसं काढलं? गुलाबराव म्हणाले, तिकडच्या लोकांनीही देऊळ बांधायच्या आधी नाण्यावर टाकलं आहे, पूर्ण गुण. तपासणीला साहेब आले तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. गुलाबरावांनी त्यांना त्यांचं गाव विचारलं. साहेब तासभर वर्गातून बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हाताला खडू लागला होता आणि जेवण निवलं होतं.

मग नवे पैसे निघाले. सत्तावन्न सालचा तो उन्हाळा. गुलाबराव पोस्टाच्या खिडकीशी सगळ्यांच्या आधी जाऊन उभे. परकीय राजाचं मुंडकं तर आधीच गेलं होतं, आता स्वतंत्र देशाचं नवंकोरं नाणं, नव्या हिशेबाचं! हातात पडलं. पुढून सिंह. छान. पलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आकडा हाय जी नुस्ता," ते मला म्हणाले. "गाव कुठं हाय?" मागच्या लोकांनी खिडकी अडवू नका म्हणून ओरडा केला तरी ते तिथंच उभे होते. मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत ते नागपूरला गेले. तिथं प्राचीन नाण्यांचे एक मोठे जाणकार राहत, हिंदी बोलणारे, उत्तरेकडचे. गुलाबरावांनी त्यांच्या ओसरीवर ठाण मांडलं आणि भाऊबीजेनंतर आर्वीला येण्याचं कबूल करून घेतलं. नाणी बरोबर नेली नव्हती. गाडीच्या गर्दीत त्यांना भरवसा नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी छोट्या रेल्वेगाडीनं परत आले ते धावतच. वाटेतूनच मला हाक मारली, "भाऊ, येऊन राह्यले ते, येऊन राह्यले!" त्यांच्या मागोमाग मीही घरात शिरलो. पाट मांडलेला होता, समया लागल्या होत्या आणि पार्वताबाई नवं लुगडं नेसून दारातच उभ्या होत्या. पाटावर पितळेच्या ताटात दहा-बारा नाणी झगमगत होती. तांबडीलाल, कोरी करकरीत, हळदकुंकू लावलेली.

गुलाबराव जागच्या जागी थांबले.

पार्वताबाई सांगत होत्या. आमच्याकडे दिवाळीला घरातलं तांबं-पितळ चिंचेनं आणि राखुंडीनं घासून लख्ख करतात, तशीच त्यांनी ही घासली होती. सगळी नाही. राजे, बैल, गरुड डब्यातच ठेवले. "बायाच घेतल्या," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीच्या पूजेले लक्ष्मीच पाह्यजे न. नागपूरचे पाव्हने आनतो म्हनून गेले होते न तुमी, त्यायच्यापुढं कायी देवी कशी ठेवाव? ही पाहा, हिच्या पायाखाली राकेस हाय, हे तं सगळ्यात मयली होती. हिलेच सगळ्यात जास्त घासलं." नदीचा त्यांनी महिषासुर केला होता. आणि ती नेमकी तीच देवी होती.

मी तोंड उघडलं. गुलाबरावांनी माझ्या पायावर पाय दिला, फौजी पाय. मग टोपी सरळ केली, पाटासमोर बसले आणि म्हणाले, "चांगली चमकली." पूजा केली, आरती म्हटली. प्रसादाचे बत्तासे माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या बाईचा भयंकर संताप आला होता आणि तो दाखवायची सोय नव्हती.

भाऊबीज झाली आणि नागपूरचे ते जाणकार साहेब आले. पहिली काही नाणी पाहून खूश झाले, खजुराचं झाड पाहून तर हसलेच. मग गुलाबरावांनी ती देवी त्यांच्या हातावर ठेवली. अजूनही एक वेडी आशा होती त्यांच्या तोंडावर, मला दिसत होती. साहेबांनी नाणं उन्हात धरलं, तिरपं केलं, भिंग लावलं. आमच्या माना त्यांच्या मानेबरोबर वळत होत्या. शेवटचं "ऑन" सुद्धा पुसट झालं होतं. त्याच्या आधी सपाट तांबं. नाणं घासलं जाण्याआधी गुलाबरावांनी त्या अक्षरांचं एक चित्र काढून ठेवलं होतं, ते पुढं केलं. साहेबांनी ते आदरानं पाहिलं आणि सांगितलं, की चित्रात काढणाऱ्याच्या मनातलं उतरतं, त्यावरून गाव ठरवता येत नाही. आता ते कधीच ठरणार नाही.

मग ते हळूच, अविश्वासानं म्हणाले, "ये किसने किया?"

"मीच," गुलाबराव म्हणाले. "दिवाळी होती, साहेब. मीच घासली."

स्वयंपाकघराच्या दारात फराळाची ताटली घेऊन पार्वताबाई उभ्या होत्या. त्यांना हिंदी येत होतं, बाजारापुरतं. साहेबांचा तो दबका आवाज त्यांनी कौतुकाचा धरला होता, आणि नवरा त्यांच्या देखत त्यांच्या कामाचं श्रेय लाटत होता! त्या तरातरा पुढं आल्या.

"काऊन खोटं बोलता जी पाव्हन्यापुढं? साहेब, मी घासली. चिचेनं. हे पाहा बोटं." आणि त्यांनी चिंचेनं सोललेली दोन्ही हातांची बोटं साहेबांसमोर धरली.

साहेबांनी त्या बोटांकडे पाहिलं, मग गुलाबरावांकडे. गुलाबराव जमिनीकडे पाहत होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सावकाश म्हणाले, "बहनजी, इतना चमकता सिक्का मैंने आज तक नहीं देखा." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. पार्वताबाईंनी नवऱ्याकडे एक विजयी नजर टाकली आणि साहेबांच्या ताटलीत आणखी दोन करंज्या वाढल्या.

साहेबांना गाडीत बसवून आम्ही दोघं परत निघालो. मला राहवेना. म्हटलं, तुम्ही साऱ्या जगाला घासू नका म्हणून बजावत होता, आणि घरात तिला एका शब्दानं सांगितलं नाही? सांगायला काय झालं होतं? नाव गेलं ना कायमचं!

त्यांनी टोपी काढून काखेत धरली.

"मी तिकडं होतो तवा पाच दिवाया हिनं पूजा नाई मांडली," ते म्हणाले. "घरचा मानूस लढाईत, मी लक्ष्मी कोनासाठी मांडू, म्हने. मंग मी आलो. आलो तं हा डबा घेऊन आलो, अन् त्याच्यातच मुंडकं घालून बसलो, भाऊ. साऱ्या तालुक्याले नाकाड्या सांगतला. हिले कधी सांगतला? हिनं या डब्यात पह्यल्यांदा हात घातला. पह्यल्यांदा. अन् मी म्हनू, काऊन घातला?"

ज्या बाईवर मी तीन-चार दिवस मनातल्या मनात दात खात होतो, तिच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या माणसासाठीही.

घरी पोचलो तर पार्वताबाई ओसरीवर बसल्या होत्या. वरच्या फळीवरचा डबा उतरवून मांडीवर घेतला होता, आणि भिंग उलटं धरून त्या एका काळ्या नाण्याकडे पाहत होत्या. एवढा मोठा साहेब नागपूरहून पाहायला आला म्हणजे यात काही तरी असलं पाहिजे, असं त्यांना वाटलं असावं. आमच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "अवो, हा कोन हाय? नाक केवढं याचं!"

गुलाबराव पायातले बूट न काढताच ओसरीवर चढले. तिच्या शेजारी बसले, तिच्या हातातलं भिंग सरळ केलं, आणि लहान पोराला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात तसं तिचं बोट धरून नाण्यावर ठेवलं. सगळ्या जिल्ह्याला पाठ झालेली ती गोष्ट त्यांना सुरूच करता येईना.

"सांगा न," पार्वताबाई म्हणाल्या.

चहाला थांबा, असं मला त्या दिवशी दोघांपैकी कोणी म्हटलं नाही. मी माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं.